दादाचा फोन : व्हिडिओ रिले, कर्णबधिर माणसं आणि नियम कोणाला हवेत?

तापीकाठ | शनिवार, रात्री ११:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. चोपड्याला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्यातली मोटर जळाली की पंचक्रोशीतले शेतकरी त्याच्याकडेच आणतात, कारण त्यानं भरलेली मोटर परत लवकर येत नाही. पण गिऱ्हाईक फोन करतं, "मोटर झाली का?" आणि फोन टेबलावर थरथरत राहतो. दादाला थरथर दिसते, नंबर दिसतो, पुढे काही नाही. मग तो नंबर मला व्हॉट्सॲपवर पाठवतो, मी जळगावहून त्या माणसाला फोन लावतो आणि उत्तर दादाला टाइप करून पाठवतो. वीस वर्षं माझी नोकरी आणि ही नोकरी बरोबरच चालू आहे.

मागच्या महिन्यात रात्री दहाला दादाच्या खात्यातून एकदम अठरा हजार गेले. मी योगायोगानं त्याच्याकडेच होतो. बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. "खातेदाराशी बोलायचं आहे." सांगितलं, त्यांना ऐकू-बोलू येत नाही, ते शेजारीच बसलेत, मी त्यांचं सांगतो. "सॉरी सर, थर्ड पार्टीशी बोलता येत नाही. त्यांना जन्मतारीख सांगायला सांगा." दादाला माझ्या ओठांवरून कळलं काय मागतायत ते. त्यानं फोन हातात घेऊन त्याच्या आवाजात काहीतरी म्हटलं. पलीकडून फोन कट.

अमेरिकेत यासाठी व्हिडिओ रिले नावाची सोय आहे आणि तिला सरकारी नियमही आहेत, एवढं वाचलं आहे. कोणाला नीट माहिती आहे का? आपल्याकडे असं काही होऊ शकतं का?

भुसावळ_जंक्शन | शनिवार, रात्री ११:३०

वाईट वाटलं वाचून. पण कार्ड एसएमएसनं पण ब्लॉक होतं भो. ॲपमधूनही होतं.

तापीकाठ | शनिवार, रात्री ११:३४

होतं. आता माहीत आहे. त्या रात्री दोघांच्याही डोक्यात आलं नाही, हे कबूल. पण तुमच्या डोक्यात फोन आला असता आणि तो लागला असता. दादाला तेवढाही वाव नाही.

कळण्याची_भाकर | रविवार, सकाळी ७:०५

मला एक समजलं नाही. आता व्हिडिओ कॉल सगळ्यांकडे आहे. आमच्या गल्लीतली दोन मूकबधिर पोरं तासन्‌तास हातवारे करत बोलतात मोबाइलवर. मग अडचण कुठे राहिली?

पाडळसरे_ते_न्यूजर्सी | रविवार, सकाळी ९:४८

(मूळ अमलनेर तालुक्याचा, टेलिकॉममध्ये नियमपालनाचं काम करतो, म्हणून हात शिवशिवले. लांब आहे, चहा घेऊन बसा.)

भाकर, ती दोन पोरं एकमेकांशी बोलतात, त्यांना मधे कोणी लागत नाही. अडचण येते ती एकाला खुणा येतात आणि दुसऱ्याला येत नाहीत तेव्हा. व्हिडिओ रिलेत कर्णबधिर माणूस व्हिडिओवर दुभाष्याला कॉल करतो. दुभाष्या समोरच्या बँकेला, दवाखान्याला, सासऱ्याला साधा फोन लावतो. इकडून खुणा बघून तिकडे बोलतो, तिकडचं ऐकून इकडे खुणा करतो. उलटंही चालतं, म्हणजे ऐकू येणाऱ्यानं कर्णबधिराचा नंबर फिरवला की मधे दुभाष्या आपोआप येतो.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या भागात टेलिफोन कंपन्यांवर रिले सेवेचं बंधन घातलं गेलं. तेव्हा टाइपरायटरसारखी यंत्रं होती. एक जण टाइप करायचा, मधला ऑपरेटर वाचून दाखवायचा. २००० साली तिथल्या दूरसंचार नियामकानं, एफसीसीनं, व्हिडिओ रिलेचे पैसेही त्याच निधीतून द्यायला मान्यता दिली. निधी टेलिफोन कंपन्यांच्या वर्गणीतून येतो आणि रिले सेवा देणाऱ्या कंपनीला त्यातून कॉलच्या मिनिटांवर पैसे मिळतात. कर्णबधिर माणसाला जादा छदाम लागत नाही.

आता नियम बघा, कारण धागा त्याबद्दल आहे. दुभाष्यानं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, संभाषणाची नोंद ठेवायची नाही. जे बोललं जाईल ते जसंच्या तसं पोचवायचं, आपल्या मनानं गुळगुळीत करायचं नाही. कॉल कंटाळवाणा आहे म्हणून अर्ध्यात सोडायचा नाही. बदली करायची तरी निदान दहा मिनिटं बसायचं. सेवा चोवीस तास. शंभरातल्या ऐंशी कॉलना १२० सेकंदांच्या आत दुभाष्या मिळाला पाहिजे. २००६ मध्ये आणखी एक गाठ सोडवली. त्याआधी काही कंपन्या फुकट उपकरण द्यायच्या, पण त्यावरून फक्त त्यांचाच दुभाष्या लागायचा. एफसीसी म्हणाली, कोणाच्याही उपकरणावरून कोणाचीही सेवा लागली पाहिजे. २००८ मध्ये कर्णबधिरांना इतरांसारखे दहा आकडी नंबर देण्याचा आदेश निघाला, म्हणजे ९११ ला, तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला तर पत्ताही पोचतो.

तापीभाऊ, तुमच्या दादाच्या बाबतीत झालं ते तिथेही होत होतं. बँका, दवाखाने, दुकानदार रिलेचा कॉल टेलिमार्केटिंग समजून कट करायचे. एफसीसीला धंदेवाल्यांना जाहीर सांगावं लागलं, की बाबांनो, फोन आपटू नका, तुमचं गिऱ्हाईक आहे पलीकडे.

सराफबाजार | रविवार, सकाळी १०:२०

आणि या सगळ्याचे पैसे मिनिटावर मिळतात म्हणता? मग झालंच. आपल्याकडे हे सुरू झालं तर आठवड्यात खोटी मिनिटं निघतील.

पाडळसरे_ते_न्यूजर्सी | रविवार, सकाळी १०:४१

आठवडा कशाला, तिथे घडून गेलंय. एका वेळी मिनिटाला सहा डॉलरच्या वर दर होता. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं देशभरातल्या २६ जणांवर आरोप ठेवले. माणसांना पैसे देऊन कॉल करायला लावायचे, रेकॉर्ड केलेली बडबड ऐकत लाइन चालू ठेवायची, मिनिटं मोजायची, निधीतून उचलायची.

त्यानंतर नियम आवळले. वापरणाऱ्याची नोंदणी, कंपन्यांची पात्रता, हिशेब तपासणी, दरात कपात. त्यातही एक तिढा होता. दर फार कापला की कंपनी कमी दुभाषे ठेवते, त्यांची मनगटं आणि डोकी दुखतात, रांग वाढते. दर सैल सोडला की चोर येतात. ही ओढाताण अजून चालू आहे. पण चोर निघाले म्हणून सेवाच गुंडाळा, असं कोणी म्हटलं नाही.

सराफबाजार | रविवार, सकाळी १०:४४

सोन्यातही खोट निघते म्हणून सराफा बंद नाही करत कोणी. मान्य.

निंबाचा_पार | रविवार, दुपारी १:१५

मी धुळे जिल्ह्यात कर्णबधिर मुलांना सत्तावीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं जमिनीवरचं बोलते.

आमच्या शाळांमध्ये कित्येक वर्षं खुणांवर बंदीच होती. मुलांनी बोललंच पाहिजे असा हट्ट. आरशासमोर बसवून "प, फ, ब" घोटून घ्यायचं. मुलं आमची पाठ वळली की खुणा करायची आणि आम्ही हातावर मारायचो. मीही मारलं आहे. आज त्याची लाज वाटते. टेलिफोनचं पेटंट घेणारा बेल हासुद्धा त्याच मताचा होता. त्याची आई बहिरी, बायको बहिरी, आणि त्याचं यंत्र बायकोच्या काही कामाचं नव्हतं.

भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये झालं. त्यांचा शब्दकोश २०१८ साली तीन हजार शब्दांचा होता, पुढे दहा हजारांवर गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये सांकेतिक भाषा दिनाला त्यांनी व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवरून दुभाष्याची सोयही सुरू केली. सुरुवात म्हणून चांगलंच आहे. पण सोय वेगळी आणि हक्क वेगळा. आज आहे, उद्या माणूस रजेवर गेला तर कोणाला विचारायचं? किती सेकंदात उचलायचं, रात्री उचलायचं का, हे लिहिलेलं असलं की भांडता येतं.

दुसरं. दिल्लीचा दुभाष्या हिंदीत बोलणार. पलीकडे शिंदखेड्याच्या खेड्यातले आबा. ते म्हणणार, "कोन बोली ऱ्हायनं? माले काही समजत नही." दुभाष्याला खुणा उत्तम येतात, पण अहिराणी कुठून येणार? नंदुरबारकडे गेलात तर पावरी, भिली. आणि खुणांचंही तसंच. ज्या मुलाला शाळा मिळाली नाही त्याच्याकडे फक्त घरातल्या खुणा असतात. आमच्याकडे धडगावकडून आलेला एक मुलगा आईसाठी कपाळावर गोंदण दाखवायचा. दुसऱ्या कोणाला ते कळेल का? म्हणून नियमात नुसता दुभाष्या नको, विभागवार दुभाषे हवेत.

केळीचा_घड | रविवार, दुपारी १:५०

बाई, नमस्कार. एक शंका. आमच्या तालुक्यात खुणा येणारे एकच सर आहेत. पोलीस स्टेशन, कोर्ट, लग्नाची बोलणी, सगळीकडे तेच. त्यांना सगळ्या कर्णबधिर घरांची अंडीपिल्ली माहीत. लोक त्यांना घाबरून असतात. त्यापेक्षा दूरचा अनोळखी दुभाष्या बरा नाही का?

निंबाचा_पार | रविवार, दुपारी २:१०

अगदी बरोबर बोललात. भाषा जवळची हवी आणि माणूस लांबचा हवा. जळगावच्या घरचा कॉल धुळ्याच्या दुभाष्यानं घ्यावा, धुळ्याचा जळगावच्यानं.

घरातली_थोरली | रविवार, दुपारी ३:३५

आई-वडील दोघंही कर्णबधिर. मी ऐकू येणारी. हा धागा सकाळपासून तीनदा उघडला आणि बंद केला.

सहा वर्षांची असल्यापासून घरचा फोन मी. एसटीडी बूथवर स्टुलावर उभी राहून बोलायचे. गॅसचा नंबर लावायचा, मामाला पैसे मागायचे. दहा वर्षांची असताना आजोबा गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला. काकांनी मला सांगितलं, "तुझ्या पप्पांना सांग." मी अंगणात आले. पप्पा सायकलची चेन चढवत होते. त्यांचे वडील गेले हे मी माझ्या हातांनी सांगितलं. रडायचं की सांगायचं ते कळेना, दोन्ही कामं हातांचीच होती, डोळे पुसले तर वाक्य तुटायचं.

पुढे बारावीत असताना पतसंस्थेच्या वसुलीवाल्याचे फोन. तो मला शिव्या द्यायचा, पप्पांसाठीच्या. मी त्या पप्पांना कधी सांगितल्या नाहीत. "तो म्हणतोय जरा लवकर भरा." म्हणजे वर न्यूजर्सीच्या भाऊंनी लिहिलेला नियम, जसंच्या तसं पोचवायचा, तो मी आयुष्यभर मोडला. त्यामुळे पप्पांना कधी कळलंच नाही की तो माणूस कसा आहे. त्यांनी त्याच्याच ओळखीनं दुसरं कर्ज घेतलं.

लोक म्हणतात घरचं माणूस आहे की, दुभाष्या कशाला? घरचं माणूस आहे म्हणूनच.

तापीकाठ | रविवार, दुपारी ३:५२

ताई. काय लिहू. मीही दादाला गिऱ्हाइकांची बोलणी गाळूनच सांगतो.

बिनआवाजी | रविवार, सायंकाळी ५:२०

मी कर्णबधिर नाही. चार वर्षांपूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढलं. तंबाखू, दुसरं काय. आता गळ्याला यंत्र लावून बोलतो, आवाज एकसुरी, घरघरणारा येतो. फोनवर लोकांना वाटतं रेकॉर्डिंग आहे. "हॅलो" म्हटलं की कट. एकानं तर "राँग नंबर, भुताटकी" म्हणून ठेवला, तो माझा चुलतभाऊ निघाला!

खुणा मला येत नाहीत, आता शिकणारही नाही. माझ्यासारख्यांचा विचार व्हिडिओ रिलेत बसतो का?

पाडळसरे_ते_न्यूजर्सी | रविवार, सायंकाळी ६:०२

नाना, तुमच्यासाठी वेगळा प्रकार आहे. अस्पष्ट बोलणं समजायला शिकलेला माणूस लाइनवर असतो, तुमचं वाक्य ऐकतो आणि स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणतो. पक्षाघात झालेले, सेरेब्रल पाल्सी असलेले, यंत्रानं बोलणारे, सगळे वापरू शकतात. अमेरिकेत २००१ पासून ही सेवा देणं बंधनकारक आहे. यात कॅमेरा लागत नाही, भारी नेट लागत नाही. खरं तर आपल्याकडे सगळ्यात आधी हीच सुरू करता येईल. कान तयार असलेली माणसं हवीत फक्त.

जिनिंगवाला | रविवार, सायंकाळी ६:३०

एवढा खटाटोप कशाला? एआय येतंय. दोन वर्षांत मोबाइलच खुणा वाचून बोलेल.

निंबाचा_पार | रविवार, सायंकाळी ६:५५

येऊ द्या, स्वागत आहे. पण खुणा म्हणजे नुसते हात नव्हेत. भुवया उंचावल्या की प्रश्न होतो, मान हलली की नकार होतो. "मोटर झाली" आणि "मोटर झाली का?" यात हात तेच, चेहरा वेगळा. आणि मशीनला आमच्या पोरांच्या खुणा शिकवायच्या तर त्या आधी कोणीतरी गोळा करायला हव्यात. बोलणं टाइप करून दाखवणारं ॲप आजही आहे, वापरते मी. अहिराणीची ते जी दशा करतं, हसावं की रडावं!

लाल_फीत | रविवार, रात्री ८:४०

कायद्याचं थोडं. (वकिली करतो, जाहिरात नाही.)

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५०.७ लाख आणि वाचादोष असलेले सुमारे २० लाख मोजले गेले. म्हणजे प्रश्न चार घरांचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच खुणा आहेत आणि माहिती-संपर्काच्या सोयी सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. पण सुलभतेचे मापदंड पाळणं सक्तीचं की नुसती शिफारस, यावर घोळ होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शिफारशीवर भागणार नाही, सक्तीचे नियम करा. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ चा, जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला बँकेच्या केवायसीतूनच उभा राहिला होता, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना डोळे मिचकावून दाखवायला सांगत होते म्हणून. तापीभाऊंचा "जन्मतारीख बोलून दाखवा" हा त्याचाच सख्खा भाऊ.

पैशांचं म्हणाल तर दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी आकारणी होतेच. २०२३ च्या नव्या कायद्यात त्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी झालं आणि २०२४ च्या नियमांत तो कुणासाठी वापरायचा त्यात दिव्यांगांचा उल्लेख आहे. तेव्हा नवा कर लावायची गरज नाही. कालव्यात पाणी आहे, चारी काढायची राहिली आहे.

भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री ९:००

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना सांगितलं ना, ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक ठेवा म्हणून. माझ्या आजीचं काम झालं. दादासारख्यांसाठी उलटा पॅक हवा. अमर्याद कॉलिंग घेऊन ते काय करणार?

तापीकाठ | रविवार, रात्री ९:०४

दादाला हे दाखवलं. हसला. त्यानं खूण केली: "माझी कॉलिंग गावाला वाटून टाक."

सातपुड्याची_सून | रविवार, रात्री ९:४५

सगळे बँकेबद्दल बोलताय. रात्रीचं बोला. माझ्या नणंदेच्या शेजारी कर्णबधिर जोडपं राहतं. त्याला रात्री छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन कोण करणार? बाईनं ओट्यावर उभं राहून थाळी बडवली, तेव्हा गल्ली जागी झाली. माणूस वाचला. मळ्यात राहत असते तर?

पाडळसरे_ते_न्यूजर्सी | रविवार, रात्री १०:१०

ब्रिटनमध्ये नियामकानं आधी नेमकं हेच धरलं. जून २०२२ पासून ९९९ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरासाठी खुणांच्या भाषेत व्हिडिओ रिले आहे, फुकट, चोवीस तास, आणि खर्च फोन-इंटरनेट कंपन्यांवर. आपल्याकडेही आधी ११२ आणि १०८, मग बँका, मग बाकी, असा क्रम लावला तर दुभाषे कमी असले तरी चालू करता येईल.

लाल_फीत | रविवार, रात्री १०:२२

आणि माझं मत विचाराल तर, सेवा देणाऱ्यावर नियम लिहायला सगळे धावतात. फोन उचलणाऱ्यावर कोणी लिहीत नाही. रिलेचा कॉल हा खातेदाराचाच कॉल समजायचा, दुभाष्या "थर्ड पार्टी" नाही, कट केला तर तक्रार आणि दंड. ही एक ओळ नसेल तर बाकीची शंभर पानं रद्दी. तापीभाऊंच्या दादाला त्या रात्री जगातला सगळ्यात चांगला दुभाष्या मिळाला असता तरी बँकेनं फोन कटच केला असता.

तापीकाठ | पुढचा रविवार, सायंकाळी ७:३०

अपडेट. निंबाचा पार बाईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सुचवलं, आपण एकदा करून तर बघू. आज केलं. दादा दुकानातून व्हिडिओवर बाईंना, बाई त्यांच्या घरून साध्या फोननं आमच्या वडिलांना. वडील यावल तालुक्यात गावी असतात. मी फक्त बघत बसलो, हात मांडीखाली दाबून.

पहिला कॉल. बाई म्हणाल्या, "नमस्कार, मी दुभाषी बोलतेय, तुमच्या मुलाचा फोन आहे."
वडील म्हणाले, "मना आंडोर बोलतच नही, तो काय फोन करी?" आणि कट.

लाल फीत साहेब, दंड पहिला आमच्या बापालाच लावा.

दुसऱ्यांदा मी आधी फोन करून समजावलं. मग लागला. वडील बाईंनाच सांगत होते, "तेले सांगा, मोटर कवय भेटी." बाई म्हणाल्या, "आबा, मला नका सांगू, त्याच्याशीच बोला." मग थोडं जमलं. दादानं विचारलं, मोटर तिसऱ्यांदा कशी जळाली, कोरडी चालवली ना? आबा चिडले. दादानं सोडलं नाही, लाइट आली की बघायला कोण जातं, स्टार्टर कोणी बांधून ठेवला, सगळं काढलं. आबांनी एक सणसणीत शिवी हासडली.

बाई थांबल्या. मला बाजूनं हळूच विचारलं, "सांगू?"

मी काही बोलायच्या आत स्क्रीनवर दादा खूण करत होता, काय म्हणाले, काय म्हणाले. बाईंनी सांगितली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वडिलांची शिवी पुरती मिळाली. तो इतका हसला की पान्हा हातातून पडला.

घरातली_थोरली | पुढचा रविवार, सायंकाळी ७:४१

बाई, मला पण शिकायचं आहे हे काम. रीतसर. कोर्सची माहिती द्याल का?

निंबाचा_पार | पुढचा रविवार, सायंकाळी ७:५०

व्यनि बघ.